मराठवाड्यातून परदेशातल्या आयटी नोकरीकडे: कागदांपासून पहिल्या महिन्यापर्यंत

लातूर, नांदेड, परभणी, जालन्याहून जे फोन येतात, त्यांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कोणता देश बरा?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा. पहिला, तुमची कागदपत्रं एकमेकांशी जुळतात का. दुसरा, गाठीशी तीनेक वर्षांचा खरा अनुभव आहे का. या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर देश निवडणं अवघड नाही. 'नाही' असेल तर कितीही पैसा ओतला तरी काम व्हिसाच्या खिडकीपाशी अडतं. म्हणून लेखाचा क्रमही तोच ठेवलाय. मी परभणी जिल्ह्यातला, पुण्यात नोकरी करून जर्मनीत आलेला, त्यामुळे जर्मनीची माहिती जरा जास्त येईल.

आधी नाव, मग गाव

आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं: शिंदे गणेश विठ्ठल. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात, नाव आणि आडनाव. तिथे बहुतेक जण 'गणेश विठ्ठल' हे नाव आणि 'शिंदे' हे आडनाव लिहितात. मग परदेशात तिकिटापासून बँकेच्या कार्डापर्यंत सगळीकडे तुम्ही 'गणेश विठ्ठल' होता. त्यात काही बिघडत नाही, फक्त ते सगळीकडे सारखं पाहिजे. बिघडतं ते दहावीला 'विठ्ठल', पदवीवर 'विठ्ठलराव' आणि आधारवर वडिलांचं नावच नाही, अशा वेळी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'एच' कमी-जास्त असला तरी तिकडचा कारकून दोन वेगळी माणसं समजू शकतो. आपल्याकडे 'चालतंय की' म्हणून जे सोडून दिलं जातं, ते तिथे चालत नाही.

म्हणून एक संध्याकाळ काढा. दहावी, बारावी, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट सगळं एका टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधार आणि पॅन लवकर दुरुस्त होतात. पदवीवरची चूक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून दुरुस्त करून घ्यावी लागते आणि त्याला महिने लागू शकतात, म्हणून तिथून सुरुवात करा. दहावीतच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जायचं. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूरचं मंडळ आणि बाकी पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं. नाव खरोखर बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं.

मुलींना एक आग्रहाचं सांगणं. पदवी आणि अनुभवाची पत्रं माहेरच्या नावाने असतील तर लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका. कायद्याने ते सक्तीचं नाही. नवरा-बायकोचं नातं विवाह नोंदणीच्या दाखल्यावरून सिद्ध होतं, आडनावावरून नाही. घरचे म्हणतील, लोक काय म्हणतील. पण पुढे प्रत्येक अर्जाला 'ही मीच' असं प्रतिज्ञापत्र तुम्हालाच जोडत बसावं लागेल.

आता गावाचं नाव. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यामुळे आपल्या भागातल्या मुलांच्या एका कागदावर जुनं नाव, दुसऱ्यावर नवं, हे आता नेहमीचं झालंय. परदेशी अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर छापलंय तसंच लिहा, मग ते जुनं नाव का असेना. आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे, म्हणून राज्याचं नाव सोडू नका.

जन्माचा दाखला ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेतून घ्या, त्यावर बाळाचं नाव चढलंय याची खात्री करा आणि इंग्रजी मजकूर असलेली प्रत मागा. गावाकडच्या बऱ्याच जुन्या नोंदींत फक्त 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि आई-वडिलांची नावं असतात, लेकराचं नाव नसतंच. लग्न झालेलं असेल तर विवाह नोंदणीचं तसंच. पत्रिका आणि फोटो पुराव्याला असतात, पण व्हिसाला नोंदणीचा दाखलाच लागतो. तो ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे किंवा नगरपालिकेत होतो. या कागदांवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) लागतं की आणखी कसली पडताळणी, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. त्या देशाच्या दूतावासाची यादी वाचल्याशिवाय शिक्के मारत सुटू नका. अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देतं, पण त्याआधी राज्य शासनाची पडताळणी लागते.

पासपोर्ट नसेल तर आज अर्ज करा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. अर्जात दहावीचं प्रमाणपत्र जोडलं की परदेशी नोकरीसाठी वेगळी परवानगी लागण्याचा शेरा पासपोर्टवर पडत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी पत्त्यावर हजर राहा. पुण्यात खोली आणि पत्ता गावचा असेल तर गावाकडे जाण्याची तारीख आधीच ठरवून ठेवा.

अनुभव

कॉलेजातून थेट परदेशी नोकरी फार थोड्यांना मिळते. आपल्या भागातल्या मुलांसाठी चालणारा रस्ता असा: पुणे, हैदराबाद किंवा बेंगळुरूत तीन-चार वर्षं काम, मग बाहेर. ही वर्षं नुसती काढू नका. सपोर्टच्या तिकिटांवर अडकला असाल तर दुसऱ्या वर्षाच्या आत कोडिंग, क्लाउड, डेटा किंवा टेस्टिंग ऑटोमेशन यांपैकी एखादं काम मागून घ्या. मिळत नसेल तर कंपनी बदला. परदेशी मुलाखतीत 'तू स्वतः काय उभं केलंस' हे विचारतात, टीममध्ये किती जण होते हे नाही.

प्रत्येक कंपनी सोडताना अनुभवपत्र, कार्यमुक्तीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ घेऊनच निघा. अनुभवपत्रात पद आणि तारखांबरोबर कामाचं स्वरूपही लिहून मागा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर तो एचआरही तिथे नसतो आणि कधीकधी कंपनीही नसते.

आता देश

अमेरिका आजही सगळ्यांच्या डोक्यात पहिली आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. त्यामुळे भारतात बसून थेट एच-वन-बी मिळवण्याची वाट फारच अरुंद झाली आहे. त्यातल्या त्यात एल-वन हा बदलीचा व्हिसा बरा. तुमच्या कंपनीची अमेरिकेत शाखा असेल आणि गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष तुम्ही त्याच कंपनीत भारतात सलग काम केलं असेल, तर कंपनी तुम्हाला बदलीवर नेऊ शकते. मोठ्या कंपनीत असाल तर मॅनेजरशी हे बोलायला लाजू नका.

ब्रिटनने जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर नेली. शिवाय आरोग्य अधिभार प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, तो बहुधा सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा, आणि क्षयरोगाची तपासणीही आलीच. हा अधिभार कंपनी भरणार की तुम्ही, हे ऑफर घेतानाच विचारा. नेदरलँड्समध्ये कुशल नोकरदारांच्या परवान्यासाठी २०२५ मध्ये तिशीच्या आतल्यांना महिन्याला ४,१७१ युरो आणि त्यावरच्यांना ५,६८८ युरो पगाराची अट होती. त्या परवान्यासाठी फक्त मान्यताप्राप्त कंपनीच अर्ज करू शकते आणि त्या कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली आहे. ब्रिटनचीही अशी यादी आहे. अर्ज करायच्या आधी कंपनीचं नाव त्यात शोधा, निम्मी वणवण वाचते.

कॅनडाची एक्सप्रेस एन्ट्री ही कायम वास्तव्याची योजना नोकरीशिवायही अर्ज करू देते, पण त्यासाठी पदवीचं मूल्यांकन लागतं आणि त्या संस्थेकडे गुणपत्रकांच्या प्रती विद्यापीठाकडून थेट जाव्या लागतात. नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात हे काम गावाकडे असतानाच, स्वतः जाऊन पूर्ण करा. टोरंटोतून फोनवर ते होत नाही.

जर्मनीबद्दल जरा सविस्तर. इथला मुख्य रस्ता ईयू ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांसाठीचा वास्तव्याचा परवाना. २०२५ मध्ये त्यासाठी वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती. आयटीसारख्या टंचाईच्या पेशांना आणि नव्या पदवीधरांना ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, तेव्हा अर्जाच्या वर्षाचा आकडा पाहा. पदवीची मान्यता 'अनाबिन' या सरकारी डेटाबेसमध्ये बघायची. त्यात कॉलेजचं नाव शोधू नका, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं शोधा. मराठवाड्यातल्या अनेक अभियांत्रिकी कॉलेजांची पदवी आता लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची असते, आणि मुलं शोधतात आपल्या कॉलेजचं नाव. विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) असा शेरा आणि खाली तुमच्या पदवीची नोंद, दोन्ही सापडलं तर त्या पानांची छापील प्रत काढून ठेवा. नसेल तर बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडून तुलनात्मक मूल्यांकन मागवावं लागतं.

नोव्हेंबर २०२३ पासून आणखी एक दार उघडलंय. पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा आयटीतला, पदवीच्या तोडीचा अनुभव असेल तर कमी पगाराच्या अटीवर ब्लू कार्ड मिळू शकतं. डिप्लोमा करून किंवा शिक्षण अर्धवट सोडून चांगले प्रोग्रॅमर झालेले कितीतरी जण आपल्याकडे आहेत. त्यांना हे माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. अनुभवपत्रात कामाचं स्वरूप लिहून घ्या म्हणालो, त्याचा इथेच उपयोग.

ब्लू कार्डवाल्याचा जोडीदार इथे नोकरी करू शकतो आणि येण्याआधी त्याला जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत, आणि बी-वन पातळीचं जर्मन (ए-वन, ए-टू यांच्या पुढची पायरी) येत असेल तर २१ महिन्यांत मिळू शकतो. नोकरी इंग्रजीत मिळते, पण घर, डॉक्टर आणि सरकारी पत्रं जर्मनमध्येच असतात. निघण्याआधी ए-वन, जमलं तर ए-टू करूनच या.

जून २०२४ पासूनच्या 'चान्सेनकार्टे'ची म्हणजे संधी कार्डाची जाहिरात सध्या फार जोरात आहे. त्यावर वर्षभर येऊन नोकरी शोधता येते, पण खर्चासाठी महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे रक्कम आधीच बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवावी लागते आणि पूर्णवेळ नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला २० तासच काम करता येतं. दोनपेक्षा कमी वर्षांचा अनुभव आणि शून्य जर्मन घेऊन कोणी या मार्गाने येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्या पैशात आणि वेळात पुण्यात राहून अनुभव आणि भाषा दोन्ही होतं.

बायोडेटा आणि मुलाखत

एक किंवा दोन पानं. वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, खाली 'वरील माहिती सत्य आहे' आणि सही, हे सगळं काढून टाका. कामाची ओळ निकालासकट लिहा: काय बनवलं, कशात बनवलं, त्याने वेळ, खर्च किंवा चुका किती कमी झाल्या. व्हिसाची गरज आहे हे लपवू नका, वरच स्पष्ट लिहा.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची भीती असते. माझ्या पाहण्यात व्याकरणामुळे नाकारले जाणारे कमी. गप्प राहिल्यामुळे नाकारले जाणारे खूप. समोरचा प्रश्न टाकतो आणि आपला पोरगा तीन मिनिटं मनातल्या मनात उत्तर जुळवत बसतो. त्याच्या डोक्यात उत्तर बरोबर असतं, पण समोरच्याला फक्त शांतता ऐकू येते. विचार मोठ्याने बोलायची सवय करा: आधी हा मार्ग घेतो, इथे अडचण येईल, म्हणून असा बदल करतो. रोज आपलाच एखादा प्रकल्प फोनवर दहा मिनिटं इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकायला नको वाटतं, पण महिन्याभरात फरक कळतो. दुसरी गोष्ट 'आम्ही'ची. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून सगळं 'आम्ही केलं' होतं आणि समोरच्याला तुमचा वाटा कळत नाही. जे तुम्ही केलं ते 'मी केलं' असंच सांगा.

मुलाखत जर्मनीच्या वेळेने असते: उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. गावी असाल तर भारनियमनाचं वेळापत्रक पाहून वेळ घ्या, किंवा त्या दिवशी शहरात मित्राच्या खोलीवर जा.

एजंट

यावर मला पोटतिडकीने लिहायचंय. खऱ्या आयटी नोकरीसाठी उमेदवाराने पैसे भरायचे नसतात. भरती करणाऱ्याचं कमिशन कंपनी देते. भारताच्या नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंट परदेशी नोकरीसाठी उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. एजंट नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. आठ-दहा लाख मागणारा माणूस, त्याचं ऑफिस कितीही चकचकीत असो, नोकरी विकत नसतो.

थायलंडमध्ये डेटा एन्ट्री किंवा डिजिटल मार्केटिंगची नोकरी, पगार लाखात, मुलाखत फक्त चॅटवर, पर्यटक व्हिसावर निघा, तिथे गेल्यावर परमिट देऊ: असा निरोप आला तर तो फसवणुकीचाच समजा. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबद्दल इशारे देत आलंय. अशा तरुणांना म्यानमारच्या सीमेवरच्या कंपाउंडमध्ये कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. त्यांत आयटीची नोकरी समजून गेलेली शिकलेली मुलं होती.

ऑफर खरी आहे का हे पाहायला तीन गोष्टी पुरतात. कंपनीच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का, ईमेल कंपनीच्याच पत्त्यावरून आलाय का, आणि व्हिडिओवर तांत्रिक मुलाखत झाली का. तिन्ही नसेल तर वडिलांना सांगा, कापूस-सोयाबीनचे आलेले पैसे बँकेतच राहू द्या. आणि कुठल्याही एजंटसाठी वावर गहाण टाकू देऊ नका. पोराच्या भल्यासाठी ते एका शब्दात तयार होतील, म्हणून नाही म्हणायची जबाबदारी तुमची.

ऑफर आल्यावर

पगाराला शंभराने गुणून गावभर सांगू नका. जर्मनीत वर्षाला ५५,००० युरो पगार असेल तर कर, आरोग्य विमा आणि पेन्शन कापून अविवाहित माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,९०० युरो येतात. म्युनिकमध्ये त्यातला मोठा वाटा भाड्यात जातो, लाइपझिगमध्ये बराच कमी. म्हणून शहर आणि पगार एकत्र तोला. करारात परीक्षाकाळ किती ते पाहा. तो सहसा सहा महिने असतो. विमानभाडं, व्हिसा खर्च आणि पहिल्या महिन्याचं राहणं कंपनी देते का हे लेखी घ्या. भारतातली नव्वद दिवसांची नोटीस खुलेपणाने सांगा. व्हिसालाही वेळ लागतोच, त्यामुळे बहुतेक कंपन्या थांबतात. पण व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका, हे मात्र कटाक्षाने.

निघण्याआधीची घरची कामं

शेती नावावर असेल तर हा भाग नीट वाचा. अनिवासी भारतीय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारशाने आलेलीही ठेवता येते. म्हणून भावाबरोबर शेजारचा तुकडा घ्यायचं ठरलं असेल, वाटणी व्हायची असेल किंवा सातबाऱ्यावर नाव चढायचं बाकी असेल, तर तलाठी-मंडळ अधिकाऱ्यांकडची कामं जाण्याआधी उरका. पीककर्ज, फेरफार आणि कोर्टाच्या तारखांसाठी विश्वासातल्या माणसाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्या. त्यात कोणती कामं करता येतील ते स्पष्ट लिहा. सरसकट सगळे अधिकार देऊ नका, तो सख्खा भाऊ असला तरी.

बँकेला कळवून बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) बदलून घ्या आणि परदेशी पगार पाठवायला एनआरई हे अनिवासींचं दुसरं खातं उघडा. ओटीपी येणारा भारतीय नंबर रोमिंगसह चालू ठेवा. तो बंद पडला की बँक, आधार, पीएफ सगळंच अडतं.

सामानात कुकर, काळा मसाला, येसर, ज्वारीचं पीठ आणा. तूप, पेढे, खवा आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत. विमानतळावर आईच्या हातचं फेकून द्यायची वेळ येऊ देऊ नका. ताजा कढीपत्ताही नको. औषधं डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. मूळ प्रमाणपत्रं हातातल्या बॅगेत.

पहिला महिना

जर्मनीत राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. तात्पुरतं घर घेतानाच विचारा की इथे पत्त्याची नोंद होईल का. 'नाही' म्हणाला तर ते घर घेऊ नका. त्या नोंदीनंतर कर क्रमांक टपालाने येतो. इथली टपालपेटी नावावर चालते, फ्लॅट नंबरवर नाही. पेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं त्याच पेटीतून यायचं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून चिकटवा.

घराची अनामत जास्तीत जास्त मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते. घर बघितल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो' म्हणणारा मालक नसतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा.

आई-वडिलांचे पासपोर्ट मात्र तुम्ही भारतात असतानाच काढून घ्या. दहावी न झालेल्या वडिलांच्या पासपोर्टवर परवानगीचा शेरा पडू शकतो, पण तो परदेशी नोकरीपुरता असतो. लेकाला भेटायला युरोपात येण्यात त्याचा अडथळा नाही. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या भेटीच्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांच्या ठशांसाठी त्यांना स्वतः जावं लागतं, म्हणून एकटं पाठवू नका. सोबतीला भाचा-पुतण्या ठरवा. उन्हाळ्यात तारखा पटापट संपतात, त्यामुळे मे महिन्यात बोलवायचं असेल तर जानेवारीतच तारीख घ्या.